बारा तासांची ड्युटी प्रत्यक्षात सव्वातेरा तासांची असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खासगी हॉस्पिटलांच्या नर्सभरतीच्या जाहिरातींत 'ड्युटी आठ ते आठ, आठवड्याला एक ऑफ' असे सर्रास छापलेले असते आणि ते कुणाला खटकत नाही. आठवड्याचे 72 तास होतात हे. बारा तासांची पाळी परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांतही असते, असे व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले. असते खरी, पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बारा तास करणारी नर्स आठवड्यात तीन, फार तर चार दिवस येते. आपण पाळी तिकडची उचलली आणि आठवडा इथलाच ठेवला. सरकारी रुग्णालयांत दिवसाच्या पाळ्या लहान असल्या, तरी रात्र बऱ्याच ठिकाणी सलग बारा तासांचीच आहे.

त्यातही हे बारा तास कागदावरचे. आठची ड्युटी असली तरी सिस्टर साडेसातला वॉर्डात हवी. इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधे मोजायची, मॉर्फिन-फेंटानिल या तीव्र वेदनाशामकांचे अँप्युल कुलपातून काढून रजिस्टरशी ताडायचे, मग खाटेखाटेपाशी उभे राहून ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटांची माहिती आणि ताबा, घ्यायचा. कुणाचे सलाईन किती उरले, कोणत्या पंपाचा रेट काय, कुणाला रात्री बारानंतर तोंडाने काही द्यायचे नाही, कुणाच्या लघवीच्या पिशवीत सकाळपासून काहीच जमलेले नाही. रात्री आठला हेच सगळे उलट दिशेने. वर न वापरलेली औषधे फार्मसीत परत करणे आणि मेडिक्लेमच्या फाइलीतली कोरी पाने भरणे. वॉर्डातून पाय निघेपर्यंत पावणेनऊ वाजतात. साडेसात ते पावणेनऊ म्हणजे सव्वातेरा तास झाले. वरच्या सव्वा तासाचा पैसा बहुतेक ठिकाणी मिळत नाही, पण त्याहून वाईट म्हणजे त्याची नोंदच होत नाही.

ती व्हायला हवी, कारण गोम त्या सव्वा तासातच आहे. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 393 नर्सनी आपल्या कामाची रोजची डायरी ठेवली होती. 5,317 पाळ्यांची माहिती जमली. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. पाळी कागदावर किती तासांची होती, याला तिथे महत्त्व नव्हते. नर्स प्रत्यक्ष किती तास उभी होती, ते मोजले गेले. आपल्याकडची 'आठ ते आठ' ही साडेबाराची रेघ रोज ओलांडते आणि ड्युटी-चार्टवर मात्र बाराच दिसतात. 2014 मध्ये युरोपातल्या 12 देशांच्या 488 रुग्णालयांतील 31,627 नर्सच्या पाहणीतही हेच चित्र दिसले. बारा तास वा त्याहून लांब पाळ्या करणाऱ्यांनी करायची राहून गेलेली कामे आणि खालावलेली सुरक्षितता, दोन्ही जास्त प्रमाणात सांगितली.

रात्रपाळीचे गणित आणखी वेगळे असते. माणूस सलग 17 तास जागा राहिला की त्याच्या हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा होतो आणि 24 तासांनंतर सुमारे 0.10 टक्के असल्यासारखा, हे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. पहिल्या नाइटला येणारी नर्स सकाळी सातला उठलेली असते. घरचे आवरून, मुलांचे डबे करून, दुपारी डोळा न लागता ती वॉर्डात येते. तिचे 17 तास मध्यरात्री भरतात आणि सकाळी सातला 24. म्हणजे ज्या अवस्थेत तिने स्कूटर चालवलेली पोलिसांना चालणार नाही, त्या अवस्थेत ती इंजेक्शनचा डोस मोजत असते. ड्युटी संपल्यावर तीच स्कूटर काढून घरी जाते, तो धोका वेगळाच.

चाळीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड घ्या. रात्री एकच सिस्टर आहे, जे जिल्हा पातळीवर काही नवलाचे नाही. रात्री दहाचा अँटिबायोटिकचा डोस धरा आणि प्रत्येकाला एकच इंजेक्शन आहे असे माना. केसपेपर पाहणे, एक ग्रॅमची वायल 10 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवणे, नाव विचारणे, व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) चालू आहे का बघणे, औषध दोन ते चार मिनिटांत सावकाश सोडणे, हात निर्जंतुक करणे, नोंद करणे. अगदी घाई केली तरी माणशी पाच मिनिटे लागतात. चाळीस माणसांची 200 मिनिटे. दहाला सुरू केलेला डोस शेवटच्या खाटेला एक वाजून वीस मिनिटांनी पोचतो. सहाचा डोस मात्र काहीही करून सातच्या आत उरकावा लागतो, कारण पुढे ओव्हर आहे. मग शेवटच्या खाटेच्या दोन डोसांमध्ये आठ तासांऐवजी पाच तास चाळीस मिनिटांचे अंतर राहते, आणि चार्टवर दोन्ही वेळा 'रात्री 10' आणि 'सकाळी 6' अशा स्वच्छ लिहिलेल्या असतात. अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकची रक्तातली पातळी त्या वेळांच्या भरवशावर काढली, तर डॉक्टरांचा निष्कर्षही चुकतो. हा खोटेपणा नव्हे. वेळ लिहायला थांबायचे की पुढच्या खाटेकडे जायचे, यात तिने निवड केलेली असते. शिवाय या 200 मिनिटांत कुणाचे सलाईन संपणार नाही, कुणी खाटेवरून पडणार नाही आणि कॅज्युअल्टीतून नवा पेशंट वर येणार नाही, हे सगळे गृहीत धरले आहे.

सलाईनचा वेग राखणारा इन्फ्युजन पंप नसेल तर थेंब मोजायचे कामही तिचेच. नेहमीच्या सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली होतो. 500 मिलीची बाटली आठ तासांत द्यायची तर मिनिटाला 21 थेंब. पेशंटने कूस बदलली, हात दुमडला की वेग बदलतो. दर तासाला फेरी झाली तर ते लक्षात येते. नाही झाली तर हृदय कमकुवत असलेल्या आजोबांना ती बाटली दीड तासात जाते आणि पहाटे दम लागतो.

पहाटे तीन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ असते. पण वॉर्डातली सर्वांत गर्दीची वेळ कोणती, तर पाच ते सात. रक्ताचे नमुने, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), चोवीस तासांच्या इनटेक-आउटपुटची बेरीज, ऑपरेशनच्या पेशंटची तयारी, ग्लुकोमीटरवर शुगर, इन्सुलिन, सगळे याच दोन तासांत कोंबलेले. राउंडला आलेल्या डॉक्टरांना सकाळी रिपोर्ट तयार हवेत, म्हणून हे वेळापत्रक कधीतरी बसले आणि बसलेच.

चुका नेमक्या कशा घडतात ते इन्सुलिनवरून पाहा. आपल्याकडे वायलमधले इन्सुलिन बहुधा मिलीला 40 युनिटचे आणि पेनच्या कार्ट्रिजमधले 100 युनिटचे. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी टोपणाची 100 साठी. पेशंट घरून पेन घेऊन आलेला असतो, पेनच्या सुया संपलेल्या असतात, रात्री फार्मसीतून वर यायला कुणी नसते. मग कार्ट्रिजला लाल टोपणाची सिरिंज टोचून औषध ओढले जाते. ऑर्डर 16 युनिटची. सिरिंजवर 16 च्या रेघेपर्यंत भरले की 0.4 मिली होते, आणि 100 च्या इन्सुलिनचे 0.4 मिली म्हणजे 40 युनिट. अडीचपट. नाश्ता साडेआठला येणार असेल, तर त्याआधीच पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध. उलट चूक, म्हणजे 40 च्या वायलला केशरी सिरिंज, तितकी नाट्यमय नसते. 16 ऐवजी साडेसहाच्या आसपास युनिट जातात, शुगर उतरत नाही आणि सगळे जेवणाला दोष देतात. ताज्या डोळ्यांना टोपणाचा रंग दिसतो. बाराव्या तासाला दिसत नाही.

पोटॅशियम क्लोराइडचे तर त्याहून भयंकर. 10 मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) असतात. ते सलाईनमध्ये मिसळून, साध्या वॉर्डात साधारण तासाला 10 च्या वेगाने द्यायचे. थेट शिरेत ढकलले तर हृदय थांबते. आणि इंजेक्शन विरघळवायचे डिस्टिल्ड वॉटर त्याच मापाच्या 10 मिलीच्या प्लास्टिक अँप्युलमध्ये येते. दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवणारा वॉर्ड आजही सापडतो. पोटॅशियम वेगळ्या कुलपात ठेवायला खर्च शून्य आहे, तेवढे तरी आजच करता येईल.

अतिदक्षता विभागात घड्याळ आणखी निर्दय असते. बीपी टिकवणारे नॉरअड्रेनालिन 50 मिलीच्या सिरिंजमधून तासाला 10 मिलीने चालू असेल तर ती सिरिंज पाच तासांत संपते. रात्री अकराला लावलेली पहाटे चारला. या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो, म्हणून नवी सिरिंज आधीच भरून, लेबल लावून शेजारी तयार हवी. ज्या नर्सकडे एकच व्हेंटिलेटरचा पेशंट आहे ती हे साडेतीनला करते. जिच्याकडे तीन आहेत, ती त्या वेळी दुसऱ्याची नळी सक्शन करत असते आणि पंपाचा अलार्म तिला ऐकू येतो, पण रात्रभरात वाजलेल्या शंभर अलार्मसारखाच.

अशा धोक्याच्या औषधांसाठी आणि रक्त चढवण्यासाठी 'दोघींनी तपासा' असा नियम आहे. नाव, आयपीडी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत, सगळे दोघींनी मोठ्याने वाचायचे. पहिली 15 मिनिटे पेशंटजवळ थांबायचे. नियम उत्तम आहे. पण वॉर्डात रात्री एकच नर्स असेल तर दुसरी सही कुणाची? ती सकाळी होते. मान्यतेसाठी तपासणी करायला आलेल्या पथकाला दोन्ही सह्या दिसतात.

आता ड्युटी लावण्याच्या पद्धतीबद्दल. इव्हिनिंग संपवून रात्री नऊला सुटलेल्या नर्सला दुसऱ्या दिवशी सातची मॉर्निंग लावणे सरसकट चालते. मधले अंतर दहा तास. विरार, कर्जत किंवा कसाऱ्याहून येणारीचे त्यातले साडेतीन-चार तास लोकलमध्ये आणि रिक्षात जातात. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांच्या नियमात दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तास विश्रांती बंधनकारक आहे. आपल्याकडे असा आकडा कुठल्या वॉर्डाच्या ड्युटी-चार्टवर लिहिलेला दिसत नाही. मग 'डबल', म्हणजे सलग दोन पाळ्या: रिलीव्हर (पुढच्या पाळीची नर्स) आली नाही की नाइट सुपरवायझरचा फोन येतो, 'आजच्या दिवस सांभाळून घे'. नाही म्हणणारीची पुढच्या महिन्याची रजा अडते, हे सगळ्यांना ठाऊक असते. सलग सहा-सात नाइट हाही जुना रिवाज. दिवसाची झोप लहान आणि तुटक असते, ती रोज दोन-तीन तासांनी कमी पडत जाते, म्हणून चौथ्या-पाचव्या रात्रीची नर्स पहिल्या रात्रीपेक्षा जास्त थकलेली असते. 'सवय होते' हे खरे नाही. थकल्याची जाणीव तेवढी बोथट होते.

रात्री डुलकी घेणारी सिस्टर दिसली की नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि सकाळी तिच्या हातात मेमो पडतो. जपानमध्ये लांब रात्रपाळीत आळीपाळीने झोपण्याची वेळ पाळीतच धरलेली असते. रात्री एक ते तीनच्या दरम्यान, दुसरीवर जबाबदारी सोपवून, 20 ते 30 मिनिटे आडवे होणे आणि उठल्यावर औषधाला हात लावण्याआधी 15 मिनिटे जाऊ देणे हा सुरक्षिततेचा उपाय आहे. पण त्यासाठी 'दुसरी' असावी लागते.

ती का नसते, याचेही गणित सोपे आहे. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष साध्या वॉर्डात सहा खाटांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात खाटेमागे एक, असा आहे. रजा आणि साप्ताहिक सुट्यांसाठी त्यावर 45 टक्के जादा पदे. तीस खाटांच्या वॉर्डाला पाळीला पाच, तीन पाळ्यांना 15, अधिक 45 टक्के, म्हणजे जवळपास 22 नर्स लागतात. मंजूर पदे यापेक्षा कमी, भरलेली त्याहून कमी, आणि त्यातल्या काही ओपीडीत, स्टोअरमध्ये, नाहीतर कुठल्याशा मोहिमेच्या कामाला. खासगीत तर तीनऐवजी दोन पाळ्या केल्या की एक तृतीयांश माणसे तिथेच वाचतात. बारा तासांच्या पाळीचे खरे आकर्षण हे आहे, परदेशी पद्धत वगैरे नंतर सुचलेले.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी खासगी नर्सच्या कामाच्या अटींचा विचार करायला समिती नेमायला सांगितली. समितीने 200 हून अधिक खाटांच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतके वेतन आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी किमान 20,000 रुपये सुचवले. कामाचे तास आणि रजाही सरकारीप्रमाणे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि आपल्या राज्यात पुढे काय झाले, ते 'आठ ते आठ'च्या जाहिरातीच सांगतात. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम 2025 मध्ये कडक झाले, डिसेंबरात विमाने रद्द झाली, तेव्हा थकवा हा शब्द आठवडाभर पहिल्या पानावर होता. नर्सच्या थकव्याने काहीच रद्द होत नाही. वॉर्ड चालूच राहतो, म्हणून बातमी होत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. कित्येक नर्सना स्वतःलाच बारा तासांची पाळी हवी असते. फेऱ्या कमी होतात, रात्री नऊला एकटीने स्टेशन गाठावे लागत नाही, मुलांसाठी सलग सुट्टी मिळते. दोनच ओव्हर होत असल्याने निरोप गळण्याच्या जागाही कमी. म्हणून सरसकट बंदीची मागणी आम्ही करत नाही. आठवड्याला तीन-चार पाळ्या, पाळीत दोनदा खरीखुरी विश्रांती (हातात फोन न देता) आणि ओव्हरसकट साडेबाराच्या आत सुटका, एवढे असेल तर बारा तास चालतील. आठवड्याला सहा चालणार नाहीत.

आरोग्य खात्याने आणि हॉस्पिटलांनी पहिले काम करायचे ते मोजणीचे. ड्युटी-चार्टवरचे नव्हे, प्रत्यक्ष येण्या-जाण्याचे तास ओव्हरसकट लिहावेत. मग दर महिन्याला वॉर्डनिहाय काढावे: साडेबारा तासांवर गेलेल्या पाळ्या किती, 11 तासांपेक्षा कमी विश्रांतीवर लावलेल्या किती, डबल किती, सलग तीनपेक्षा जास्त नाइट कितीजणींना. औषधांच्या चुका, पेशंट पडणे, बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांचे आकडे बहुतेक मोठी हॉस्पिटले आधीच ठेवतात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की बोलायला वेगळे काही लागणार नाही. चूक झाली की खुलासा मागताना त्या कागदावर एक रकाना असावा: चूक घडली तेव्हा नर्स कितव्या तासात होती आणि तिच्याकडे किती पेशंट होते. आज मेमोत फक्त नाव असते, म्हणून थोडक्यात टळलेली चूक कुणी सांगतच नाही.

पहाटेची कामे हलवता येतात. तातडीचे नसलेले नमुने सातनंतर लॅबच्या टेक्निशियनने घ्यावेत. इन्सुलिन नाश्त्याची ट्रॉली मजल्यावर आल्यावर, मॉर्निंगची नर्स आल्यानंतर द्यावे; तसेही ते जेवणाशी जोडलेले आहे, घड्याळाशी नाही. पाळ्या अर्धा तास एकमेकींवर चढवून त्या अर्ध्या तासाचा पगार द्यावा. मेडिक्लेमचे कागद आणि औषधांची परतफेड यासाठी मजल्यागणिक एक क्लार्क नेमावा; नर्सच्या तासांपेक्षा तो स्वस्तच पडतो. डबलला लेखी परवानगी आणि नंतर सलग 24 तास सुट्टी. अतिदक्षता, नवजात कक्ष आणि प्रसूतिगृहात डबल नाहीच. पाळ्यांचा क्रम मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असा पुढे सरकणारा ठेवावा. रजेच्या बदलीसाठी राखीव नर्सचा गट कागदावर नको, वसतिगृहात हवा.

नातेवाइकांनीही दाखल होताना खोलीच्या भाड्यासोबत विचारावे, रात्री या मजल्यावर किती पेशंटमागे किती सिस्टर असतात आणि त्यांची पाळी किती तासांची. आणि ती औषध भरत असताना बिलाची चौकशी करू नये. ऑस्ट्रेलियातल्या 2010 च्या एका अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे औषध देतानाच्या चुका सुमारे 12 टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. दहा मिनिटे थांबावे, ती स्वतःच येते.

आपले,
निवृत्त अधिसेविका, परिसेविका आणि परिचर्या महाविद्यालयांतील शिक्षिका
पुणे, सातारा व ठाणे